बल्बबाईचा अंगठा

इस्पितळात तिला सगळे बल्बबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही बिनदिक्कत ओ देई. वरच्या मजल्यावर तपासणी विभाग होता आणि तिथल्या सगळ्या मायक्रोस्कोपांची देखभाल तिच्याकडे होती. भिंगं पुसायची, सैल झालेले स्क्रू आवळायचे, वायरी बघायच्या, आणि मुख्य म्हणजे दिवा गेला की नवा बसवायचा. जिन्याला लागून एक अरुंद खोली होती, तिथे तिचं टेबल. खोलीला खिडकी नव्हती. दार उघडं ठेवलं की समोर स्लाइड बघण्याची मोठी खोली दिसायची आणि तिच्यातल्या पहिल्याच टेबलाशी विभागाची प्रमुख बसलेली दिसायची. ही प्रमुख म्हणजे बल्बबाईची सख्खी मोठी बहीण, ताई. बल्बबाई दार कायम उघडं ठेवी. ज्याच्यावर डूख धरायचा तो माणूस रोज डोळ्यांसमोर असला म्हणजे राग शिळा होत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

आता हा मायक्रोस्कोपचा बल्ब म्हणजे घरातला गोल बल्ब नव्हे. करंगळीच्या पेराएवढी काचेची कुपी आणि खाली तारेचे दोन पाय. मायक्रोस्कोपच्या बुडाशी झाकण असतं. ते उघडायचं, जुना बल्ब थंड झाला की ओढून काढायचा, नवा खोबणीत दाबायचा, झाकण लावायचं. काम एवढंच. पथ्यही एकच, काचेला उघडं बोट लावायचं नाही. माणसाच्या बोटाला थोडंफार तेल, थोडाफार घाम असतोच. तो काचेवर बसला आणि बल्ब तापला की नेमकी तेवढीच जागा जास्त भाजते, तिथे पांढरा फोड येतो आणि बल्ब भर वयात जातो. म्हणून तो कागदात धरायचा, आणि चुकून बोट लागलंच तर स्पिरिटने पुसून घ्यायचा. हे त्या मजल्यावर प्रत्येकाला ठाऊक होतं. बल्बबाईला तर ते खुद्द ताईने शिकवलं होतं, नोकरीच्या पहिल्या दिवशी, हातावर चापट मारून.

इतर सगळ्यांचे बल्ब ती अगदी सोवळ्यात असल्यासारखी बसवी. ताईचा बल्ब हाती घेतला की मात्र कागद बाजूला ठेवी, उजवा अंगठा केसांतून एकदा फिरवी आणि काचेवर असा दाबी की टपाल कचेरीतल्या शिक्केवाल्यानेही वाहवा म्हणावं.

मग वाट बघायची. ह्या कामाला धीर लागतो. एखादा बल्ब लगेच जाई, एखादा हट्टाने टिके, आणि तो टिकला की बल्बबाईचं जेवणात लक्ष लागत नसे. पण उशिरा का होईना, समोरच्या खोलीतून टिक असा बारीक आवाज येई. खुर्ची सरके. ताई दाराशी येऊन उभी राही.

"बल्ब गेला गं परत."

"हो का ताई? अगंबाई! हल्ली मालच मेला तसा येतो."

"बसव नवा. तूच ये, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस."

"मीच येते ना. तुझं काम मी दुसऱ्याला कशी देईन?"

आणि बल्बबाई नवा बल्ब घेऊन उठे. तिचा नवरा शांत माणूस होता. तो म्हणे, "अगं, एवढ्याशा बल्बाने काय होणार आहे? सोडून दे आता." ती म्हणे, "तुमचा गळा केसाने कापला असता तर बोलला असतात का असं?" त्यावर तो पेपर उलटून दुसरं पान काढी.

गळा कसा कापला, तेही सांगायला हवं.

एके काळी बल्बबाईला बल्बबाई म्हणत नव्हते. ती स्लाइड वाचणारी होती, आणि वाचणाऱ्यांत चांगली. हे काम ज्यांनी केलं नाही त्यांना ते सोपं वाटतं. काचेच्या पट्टीवर कुणाच्या तरी अंगातल्या पेशी पसरून रंगवलेल्या असतात. त्या हजारोंतून चार-दोन बिघडलेल्या हुडकायच्या. सापडल्या तर त्या माणसाला वेळेवर बोलवता येतं. नाही सापडल्या तर तो माणूस हसत घरी जातो. ताईने हे काम आधी धरलं आणि मग धाकटीला शिकवलं. ताईच्या टेबलावर दोन तोंडांचा मायक्रोस्कोप होता. एकाच स्लाइडला दोघांनी समोरासमोर बसून डोळा लावायचा. त्या दोन तोंडांशी दोघी बहिणींनी उमेदीची वर्षं काढली. लहानपणी एका पांघरुणात झोपायच्या, आता एका उजेडात बसायच्या. धाकटी ताईला देव मानत होती म्हटलं तरी चालेल. आणि विद्यार्थी देव मानतो तोवर मास्तर खुशीत असतो. विद्यार्थ्याला मास्तरांच्या आधी दिसायला लागलं की मात्र मास्तरांच्या कपाळाला आठी पडते. धाकटीला त्या आठीचा अर्थ तेव्हा कळला नाही.

एका शिंपीणबाईची स्लाइड होती. ती बाई जिना चढून वर येऊन गेली होती, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. "काही नसेल ना हो?" असं दोघींना विचारून गेली होती. स्लाइड लावली आणि धाकटी म्हणाली, "ताई, वरच्या कोपऱ्यात बघ. ह्यांचं काही खरं दिसत नाही मला."

ताईने बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तुला मेलीला सगळीकडे भुतंच दिसतात. रंग सांडलाय तो. पुढची घे."

ताई म्हणाली म्हणजे रंगच असणार. धाकटीने पुढची घेतली. स्लाइडींचा तो ट्रे धाकटीच्या नावावर होता, 'स्वच्छ' असा शेरा तिचाच पडला. शिंपीणबाई पुन्हा आली तेव्हा स्ट्रेचरवर आली आणि फार दिवस राहिली नाही. चौकशी बसली. मोठ्या डॉक्टरांनी दोघींना समोर उभं करून विचारलं, "ही स्लाइड वाचताना दुसऱ्या तोंडाशी कोण होतं?"

धाकटी काही बोलण्याआधीच ताई म्हणाली, "मी नव्हते. ती एकटीच बघत होती."

त्याच महिन्यात विभागाचा प्रमुख नेमायचा होता. ताई झाली. धाकटीला पुन्हा स्लाइडला डोळा लावायची बंदी झाली, आणि नोकरीही गेलीच असती, पण ताईने डॉक्टरांपाशी रदबदली केली. "माझी बहीण आहे, पोटापाण्याचं काहीतरी काम द्या." दिलं. ते हे काम. आणि वर आयुष्यभर लोकांनी तिला ऐकवलं, नशीबवान आहेस हो, अशी बहीण मिळायला भाग्य लागतं. खोटेपणा एक वेळ गिळला असता तिने, पण हे उपकार घशात अडकून बसले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. दांड्याने वर आभारही मागायचे म्हणजे फारच झालं.

तिला हवं होतं एकच. ताईने चार लोकांत म्हणावं, 'मी होते त्या खुर्चीवर.' ते होईना, तोवर अंगठा.

शिवाय आणखी एक गोष्ट तिला खाद्य पुरवत होती. अलीकडे ताई तिच्या नजरेला नजर देत नसे. आठवड्याच्या सुट्टीला दोघी आईकडे जेवायला जमत. तिथे ताई बोलताना मान जराशी कलती ठेवी आणि धाकटीच्या कानाकडे बघून बोले. मन खातंय तिचं तिला, बल्बबाई समजे. पाप बघू देत नाही वर. आई म्हणे, "एका पोटच्या तुम्ही, नीट बोला गं." आणि बल्बबाई म्हणे, "मी बोलतेच आहे आई, तिलाच विचार कुठे बघतेय ती." त्या दिवशी तिला दोन घास जास्त जात.

गेल्या वर्षी तर तिच्या सुडाला सोन्याचा कळस चढला. स्लाइड वाचणाऱ्यांची दर वर्षी बाहेरून माणसं येऊन परीक्षा घेतात. परीक्षक दुसऱ्या तोंडाशी बसतो आणि सोबत आणलेल्या स्लाइडी वाचायला लावतो. त्या परीक्षेत, दुसऱ्याच स्लाइडला, टिक. सगळ्यांसमोर काळोख. बल्बबाईच्या कपाटात त्या दिवशी जादा बल्ब असूनही नव्हता. ताई उठली आणि म्हणाली, "आता उजेडच नाही तर मी काय वाचू?" परीक्षकाने हात जोडले, "तुमचं नाव आम्हाला ठाऊक आहे बाई, तुमची कसली परीक्षा," आणि सही करून गेला. बल्बबाईला वाटलं, नाक कापलं. घरी जाऊन तिने नवऱ्याला तीन वेळा गोष्ट सांगितली. त्याने तिसऱ्या वेळी विचारलं, "पण मग ती पासच झाली ना?" ती म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं."

नवऱ्याला कळलं होतं, हिलाच कळलं नव्हतं.

ते कळलं त्या दिवशी बल्ब नेहमीसारखाच गेला होता. ताईच्या शेजारच्या टेबलावर चष्मेवाला म्हणून एक वाचणारा बसे, तो रजेवर होता, त्यामुळे ट्रेंची चळत लागली होती. बल्बबाईने अंगठा मारून बल्ब बसवला. नवा बल्ब बसवला की उजेड चहूकडे सारखा पडतो ना, हे बघण्यापुरता दुसऱ्या तोंडाला डोळा लावायची तिला मुभा होती. एरवी ती हे स्लाइड नसताना करी. त्या दिवशी ताई थांबायला तयार नव्हती. "तू तुझं बघ, मी माझं बघते," म्हणून तिने स्लाइड सरकवली आणि उजेडाचं बटण शेवटपर्यंत पिळलं.

बल्बबाईने डोळा लावला. किती वर्षांनी! उजेड बघायचा विसरून ती पेशीच बघत राहिली. आणि मधोमध, अगदी जिथे नजर जाते तिथेच, तो घोळका आला. फुगलेले, काळेभोर गाभे, फाटक्या कडा. शिकाऊ पोरीलाही ओरडून सांगितल्यासारखं दिसावं इतकं ढळढळीत.

"स्वच्छ," ताई म्हणाली. "पुढची."

बल्बबाईने मान वर केली. ताईची हनुवटी मायक्रोस्कोपशी सरळ नव्हती. तिने डोळा भिंगावर तिरपा धरला होता, कडेने, जसं कुणी दाराच्या फटीतून आत बघावं. आणि तिच्या कपाळावर घाम होता.

ती स्लाइड बल्बबाईने झालेल्या ट्रेमधून उचलून पदराआड घेतली आणि आपल्या खोलीत जाऊन बसली. संताप येतोय की भीती वाटतेय, ते तिला ठरवता येईना. मागचीच गोष्ट पुन्हा? तीच दोन तोंडं, तोच घोळका, तेच 'पुढची घे'? की हे काही निराळं आहे?

सुट्टीच्या दिवशी आईकडे तिने शहानिशा केली. ताई समोर बसली होती आणि ह्या वेळी तिची मान सरळ होती, तोंड नेमकं धाकटीकडे. आई पाणी आणायला वळली तशी बल्बबाईने जीभ काढून दाखवली. लहानपणी भांडताना काढायची तशी, हनुवटीपर्यंत. ताई शांतपणे जेवत राहिली.

आई वळली आणि किंचाळली, "काय गं हे! वय काय तुझं? सुना यायच्या झाल्या तुला!"

"काय झालं?" ताई म्हणाली. "काय केलं तिने?"

जीभ आत घेताना बल्बबाईला ती जड लागली. ताईला दिसत नव्हतं. नजरेच्या मधोमध काहीतरी गेलं होतं आणि कडेचं तेवढं उरलं होतं. म्हणून मान कलती, म्हणून कानाकडे बघणं. पाप नाही, लाज नाही, काही नाही. इतके दिवस जी लाज बघून ही दोन घास जास्त जेवत होती, ती नुसती डोळ्यांची खोड निघाली.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला कामावर आला. तिने ती स्लाइड त्याच्यापुढे ठेवली. "ही परत बघ."

"तुम्हाला स्लाइडला हात लावायची परवानगी नाही, बल्बबाई."

"म्हणून तर तू बघ."

त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. ज्या बाईची ती स्लाइड होती तिला त्याच दिवशी निरोप गेला. ती वेळेत आली, हे आधीच सांगून टाकते, उगाच जिवाला घोर नको.

"एक सांग," बल्बबाई म्हणाली, "ताईचा बल्ब जातो तेव्हा तिच्या ट्रेचं काय होतं?"

"माझ्याकडे येतो. उजेड नव्हता, जरा बघून टाक, म्हणतात. मागे दोन-तीन चुका निघाल्या, तेव्हाही डॉक्टरांना म्हणाल्या, दिवे धड नसतात." मग जरा हसून म्हणाला, "खरं सांगू का, बल्ब गेला की त्या फार खुशीत असतात."

बल्बबाई खोलीत येऊन बसली. करायला गेले काय आणि झालं काय! ज्या अंगठ्याने ती बहिणीचं नाक कापायला निघाली होती, तोच अंगठा तिच्या डोळ्यांवर पांघरूण घालत होता. वाचता येत नाही? बल्ब गेला. चुकलं? बल्ब मंद होता. परीक्षा आली? टिक. ताईला हव्या त्या वेळी ही काळोख पुरवत होती, अगदी घरपोच, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेत होती. आणि ज्या ट्रेंच्या वेळी बल्ब गेला नसेल, त्या ट्रेंमधल्या बायका? त्यांचा विचार मनात आला तसा तिने तो अंगठा पदरात घट्ट गुंडाळून धरला.

डॉक्टरांना सांगावं? कोण ऐकणार? शिंपीणबाईला मारणारी बहीण आता उपकारकर्त्या बहिणीवर उठली, म्हणाले असते लोक. तिने चष्मेवाल्याला गाठलं. "परीक्षेपर्यंत ताईचा बघून झालेला एकेक ट्रे तू पुन्हा बघ." तो म्हणाला, "तोंड मी उघडणार नाही. त्यांनी शिकवलंय मला. पण बघीन." त्याने शब्द पाळला.

आणि बल्बबाईने ठरवलं. ताई, तुला आजवर मी काळोख दिला. आता उजेड देते. बघू कसा सोसतो.

परीक्षेच्या दिवशी तिने कोपरापर्यंत साबणाने हात धुतले. नवा बल्ब खोक्यातून कागदातच उचलला, तरी स्पिरिटने पुसला, उजेडाकडे धरून चारी बाजूंनी बघितला. खोबणीत तो जागच्या जागी बसला. भिंगं पुसली, आरसा पुसला, उजेड मधोमध आणला. इतक्या मायेने तिने नवऱ्याच्या आजारपणातही काही केलं नसेल. बटण दाबलं तेव्हा चकतीवर असा लख्ख, पांढरा, सारखा उजेड पडला की तिचं तिलाच बरं वाटलं.

ताई दाराशी आली. "आजचा बल्ब तूच बसवलास ना? तुझ्याच हाताने?"

"माझ्याच."

"बरं झालं," ताई म्हणाली, आणि तिचा सगळा ताण उतरल्यासारखा वाटला. ती खुर्चीशी गेली.

ह्या वर्षी परीक्षक एक बाई होत्या, हसऱ्या, पण पक्क्या. गेल्या वर्षीचा घोटाळा माहीत असल्याने मोठ्या डॉक्टरांनी बल्बबाईला जादा बल्ब घेऊन तिथेच उभं केलं होतं. म्हणजे पहिल्या रांगेची जागा तिला फुकटात मिळाली.

पहिली स्लाइड. ताईने बटण शेवटपर्यंत पिळलं आणि रेंगाळली. "स्वच्छ." ती खरंच स्वच्छ होती. दुसरी. ताई आणखी रेंगाळली. ती वाट बघत होती, आणि ती कशाची हे त्या खोलीत एकट्या बल्बबाईलाच ठाऊक होतं. टिक झालं नाही. "स्वच्छ." तिसरी लागली. दुसऱ्या तोंडाशी बसलेल्या परीक्षकबाई जराशा पुढे झुकल्या.

"स्वच्छ," ताई म्हणाली.

"पुन्हा एकदा बघता का?"

ताईने बघितलं. डोळा तिरपा केला, मान कलती केली. "उजेड कमी पडतोय."

"मला तर लख्ख दिसतंय."

डॉक्टर चिडून म्हणाले, "बल्बबाई, बदला तो बल्ब!"

"बदलते ना." ती पुढे झाली. सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, कागदात धरून तिने जुना चांगला बल्ब काढला आणि नवा चांगला बल्ब बसवला. झाकण लावलं. पुन्हा तोच उजेड. डॉक्टरांनी स्वतः दुसऱ्या तोंडाला डोळा लावला. मग ताईकडे बघून म्हणाले, "बाई, मधोमध आहे. काय दिसतंय तुम्हाला?"

ताईने बल्बबाईच्या दिशेने तोंड फिरवलं आणि हळूच म्हणाली, "धाकटे, आज अंगठा नाही लावलास?"

बल्बबाईच्या हातातला कागद चुरगळला. "तुला ठाऊक होतं?"

"तू रजेवर होतीस तेव्हा एक बल्ब मी काढला. फोड बोटाला लागला. दिसत नसलं तरी बोटांना कळतं."

"आणि बोलली नाहीस?"

"कशाला बोलू? कामाला येत होता."

परीक्षकबाईंना ह्यातलं काही कळलं नाही. त्यांनी आपलं सामान आवरलं. डॉक्टर ताईला खुर्चीत बसवून बराच वेळ खालच्या आवाजात बोलले. डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव निघालं, विश्रांती हा शब्द निघाला. चष्मेवाला भिंतीकडे तोंड करून उभा होता. बल्बबाई आपल्या खोलीत येऊन बसली. जिंकलं होतं तिने. तरी पोटातला जाळ काही विझेना. 'कामाला येत होता!' सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो हा.

थोड्या वेळाने ताई पिशवी घेऊन बाहेर आली आणि जिन्याच्या तोंडाशी थांबली. रोज ह्याच जिन्याने ती भिंतीला हात लावून, तोऱ्यात उतरे. आज भिंतीच्या बाजूला ट्रेंची गाडी उभी होती. तिने पाय पुढे घातला, पायरी चाचपली, मागे घेतला. खाली नोंदणीच्या खिडकीशी नेहमीसारखी रांग होती आणि खिडकीतली बाई माना वर करून बघणाऱ्यांना नंबर ओरडून सांगत होती.

"धाकटे," ताई म्हणाली. तिला ठाऊक होतं, दार उघडं असणार. "हात दे."

बल्बबाई उठली. जवळ गेली. हात दिला नाही.

"आधी सांग. शिंपीणबाईच्या स्लाइडला दुसऱ्या तोंडाशी कोण होतं?"

"इथे? आत्ता?"

"मी नाही ढकलणार तुला. पण हातही नाही देणार. सांग."

ताईने पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. "मी होते."

"ऐकू नाही आलं."

"मी होते!" जिन्यात आवाज घुमला. खाली नोंदणीवाली नंबर सांगायची थांबली. रांगेतले चेहरे वर झाले. आतून डॉक्टर आणि चष्मेवाला दारात आले. "मी होते त्या खुर्चीवर. ती एकटी नव्हती. झालं समाधान?"

समाधान होईल असं बल्बबाईला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं. तिने मनाशी जागा करून ठेवली होती त्याच्यासाठी. ते आलं नाही. त्याऐवजी एक प्रश्न आला, जो तिने कधी विचारलाच नव्हता, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे असं ती धरून चालली होती. तिने आवाज उतरवला.

"तेव्हापासूनच दिसत नव्हतं का गं तुला?"

केवढी पळवाट होती ती. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. बल्बबाईने माफ केलं असतं, आईने माफ केलं असतं, वर गेलेल्या शिंपीणबाईनेही कदाचित केलं असतं. ताईने ती पळवाट घेतली नाही, हे तिच्या बाजूने बोलायचं झालंच तर तेवढंच बोलता येईल.

"तेव्हा डोळे चांगले होते माझे," ताई म्हणाली. "सगळं दिसलं होतं. तुझ्याइतकंच."

"मग पुढची घे का म्हणालीस?"

ताई कुठे बघत होती ते आता कुणालाच सांगता आलं नसतं.

"तुला आधी दिसलं ना, म्हणून," ती म्हणाली. "म्हटलं, दुपारी मी एकटीने पुन्हा लावीन आणि मग मीच सांगीन. दुपारी बघते तो ट्रे शेऱ्यासकट खाली गेला होता."

खालच्या रांगेत कुणीतरी खोकलं. नोंदणीवालीने पुढचा नंबर अगदी हळू आवाजात सांगितला. बल्बबाईने ट्रेंची गाडी पायाने भिंतीपासून दूर सारली. मग ताईचं मनगट धरलं आणि अंगठा त्यावर असा दाबला की ताई 'स्स' करून कळवळली. तिने पकड सैल केली नाही.

"पायरी आहे," ती म्हणाली. "ही पहिली."